वाळक्या अंगात शुगर कुठून आली?

आशाताई सी-बॅकचा, म्हणजे शुगर-बीपीचा धोका जोखायचा, फॉर्म भरायला दारात आली की हसू फुटतं ते टेपमुळं. "काहून वं बाई, बंडी शिवून देतं का मले?" असं ओट्यावरचा म्हातारा हमखास विचारतो. वजन, बीपी, बोटाला सुई टोचणं हे लोकांना आता कळतं. कंबर कशाला मोजायची, ते कळत नाही. आणि वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यात मोजायला कंबर असते तरी किती? गालफडं बसलेली, दंडाची हाडं दिसतात, पँट सुतळीनं आवळलेली. अशा माणसाला शुगर निघाली की घरचे म्हणतात, मशीनच बिघडली असंल. सावकाराचा रोग मजुराला कसा होईल?

उत्तर इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये, म्हणजे इन्सुलिनला शरीरानं न जुमानण्यात आहे. जेवल्यावर रक्तात साखर वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि त्या हाकेवर स्नायू साखर आत ओढून घेतात. यकृतही आपल्या कोठारातली साखर बाहेर सोडणं थांबवतं. ही हाक ऐकू येईनाशी झाली म्हणजे रेझिस्टन्स. पहिल्या हाकेला उठणारा गडी चौथ्या हाकेला उठू लागतो, एवढंच. काम होत राहतं, म्हणून बाहेरून काही कळत नाही. मालकाचा घसा मात्र बसत जातो. स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्सुलिन ओतून साखर ताळ्यावर ठेवतं, आणि ही कसरत कित्येक वर्षं चालू शकते. त्या सगळ्या काळात शुगरचा रिपोर्ट नॉर्मल येतो. शुगर 'लागली' असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर घसा बसलेला असतो. न जुमानणं फार आधी सुरू झालेलं असतं.

विज्ञानालाही हे उशिराच उमगलं. १९२१ मध्ये टोरँटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं केलं, १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका मुलाला टोचलं, आणि १९२३ मध्ये बँटिंग व मॅक्लिऑड यांना नोबेल मिळालं. मधुमेह म्हणजे इन्सुलिन कमी पडणं, हा हिशेब त्या यशामुळं इतका पक्का झाला की दुसरी काही शंका घ्यायचं कोणाला सुचेना. १९३६ मध्ये लंडनच्या हॅरोल्ड हिम्सवर्थनी साधा प्रयोग केला. रुग्णाला ग्लुकोज पाजायचं आणि त्याच वेळी इन्सुलिन टोचायचं. काहींची साखर आटोक्यात राहिली. काहींची, इन्सुलिन अंगात जाऊनही, चढतच गेली. म्हणजे मधुमेह दोन जातींचा आहे, एक इन्सुलिनला दाद देणारा आणि एक न देणारा, असं त्यांनी लिहून ठेवलं. त्याकडे फारसं कोणी वळून पाहिलं नाही.

पुरावा हाती यायला १९६० साल उजाडलं. न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजायची पद्धत काढली. प्रौढपणी मधुमेह झालेल्यांच्या रक्तात इन्सुलिन नसेलच, अशी सगळ्यांची अपेक्षा. निघालं उलट: ते होतं, आणि अनेकांत निरोगी माणसापेक्षा जास्त होतं. यॅलोंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बर्सन तोवर वारले होते. पुढं १९८८ मध्ये अमेरिकेच्या जेराल्ड रीव्हन यांनी वाढलेला रक्तदाब, रक्तातली वाढलेली चरबी, कमी झालेलं चांगलं कोलेस्टेरॉल आणि बिघडलेली साखर या सगळ्यांच्या मुळाशी हाच प्रतिरोध (रेझिस्टन्स) असल्याचं मांडलं आणि त्या घोळक्याला 'सिंड्रोम एक्स' म्हटलं. हृदयविकार आणि शुगर एकाच घरात का नांदतात, याचा धागा तिथं सापडतो.

जाता जाता एक गोष्ट. चरकसंहितेत प्रमेहाचे (मधुमेह ज्यात मोडतो त्या लघवीच्या विकारांचे) रोगी दोन सांगितलेत, एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुर्बल. दोघांचा उपचारही वेगळा. 'आमच्याकडे सगळं आधीच लिहिलेलं होतं' असं मला म्हणायचं नाही, कारण इन्सुलिनचा त्यात पत्ता नाही. पण वाळका रोगी असतो हे वैद्याला दिसत होतं, आणि आपल्याला आजही ते पटत नाही.

तो वाळका रोगी आधुनिक विज्ञानाच्या नजरेस आणण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा मोठा वाटा आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि पुढं त्यांच्या लेकरांचा त्यांनी माग ठेवला. ही गावं विदर्भातली नव्हेत, पण बाया शेतात राबणाऱ्याच. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधली साडेतीन किलोच्या आसपास. बारीक तपासणीत दिसलं की आपल्या बाळाचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान आहेत, कातडीखालची चरबी मात्र तितकी कमी नाही. दिसायला रोड, आतून चरबीदार. २००४ मध्ये याज्ञिकांनी त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचा फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३, अगदी सारखा. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आशाताईच्या हातात टेप कशासाठी, ते या फोटोत आहे. वजनकाटा दोघांना एकच माणूस समजला असता.

असं शरीर घडतं कसं? १९६२ मध्ये जेम्स नील म्हणाले, दुष्काळात तगवणारी काटकसरी जनुकं सुबत्तेत अंगावर येतात. १९९२ मध्ये हेल्स आणि बार्कर यांनी दोष जनुकांवरून आईच्या पोटातल्या उपासमारीवर आणला: गर्भात अन्न तोकडं पडलं की बाळ मेंदू वाचवतं, स्नायू आणि स्वादुपिंडाच्या वाट्याला कमी येतं. २०१५ मध्ये आनंदवर्धन हर्डीकर आणि सहकाऱ्यांनी पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा अभ्यास छापला. त्यांच्यात प्रतिरोध होताच, पण पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर खाऊ घालूनही तो पुसला गेला नाही. उंदरावरून माणसाचा निष्कर्ष काढू नये हे खरंच. तरी वऱ्हाडाचा इतिहास माहीत असलेल्याला हे वाचून पोटात कालवतं.

कारण इथली भूक जुनी आहे, आणि पांढऱ्या सोन्याच्या पोटातच ती वाढली. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळं इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडाची काळी माती त्यांच्या डोळ्यांत भरली. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. वावरात पऱ्हाटी वाढली, पेवातली ज्वारी घटली. कापसाचे पैसे हातात असले तर धान्य विकत. नसले तर काही नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या लागोपाठच्या दुष्काळांनी हे उघडं पाडलं. १९०१ च्या जनगणनेत वऱ्हाड आणि मध्य प्रांत या दोन्हींची लोकसंख्या १८९१ पेक्षा कमी भरली. पुढं १९७२ चा दुष्काळ, मिलो (परदेशी लाल ज्वारी) आणि सुकडी, हे तर आजच्या म्हाताऱ्यांच्या तोंडच्या आठवणीतलं. आणि मेळघाटातलं कुपोषण आजही संपलेलं नाही.

म्हणजे कमी वजनाची आई, कमी वजनाचं बाळ, ही साखळी आपल्याकडे तयारच होती. तिच्यावर गेल्या तीस-चाळीस वर्षांत ताट बदललं. सोयाबीन आलं, ज्वारी मागं सरली. आता रेशनवर गहू-तांदूळ. २०२३ च्या जानेवारीपासून तेही फुकट. फुकट धान्यानं भूक मारली, त्याला नावं ठेवणाऱ्यानं एक उन्हाळा उपाशी काढून पाहावा. पण ताटात दोन्ही वेळ भात-पोळी आणि वरणाचं नुसतं पाणी, हेही खरं. तूर आपल्याच वावरात पिकते आणि मार्केट यार्डात जाते. जवसाच्या तेलाची जागा पाकिटातल्या सोयाबीन तेलानं घेतली. त्यात सकाळपासून चार-पाच वेळा गोड चहा. ज्वारीच्या भाकरीचं कौतुक मात्र बेतानं करावं: तीही पिठाचीच. ती सावकाश पचते आणि पोट भरल्यासारखं वाटतं, औषध ती नाही.

माझ्या मते अन्नापेक्षा मोठा बदल अंगमेहनतीत झाला आणि त्याची चर्चा होत नाही. जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायू शोषतात, आणि स्नायू काम करत असला तर इन्सुलिनच्या हाकेशिवायही साखर आत घेतो. डवरणी, निंदण, रोजची पायपीट हे अडाणी शरीराला मिळालेलं फुकटचं इन्सुलिनच होतं. आता डवऱ्याऐवजी ट्रॅक्टर, निंदणाऐवजी फवारणी, वावरात जायला मोटारसायकल. कष्ट गेले याचं दुःख कोणाला नाही, असूही नये. पण वेचणीचे दोन महिने मरमर आणि उरलेलं वर्ष पारावर, हे नवं पंचांग आहे. त्यात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा घोटा. निकोटीनमुळं प्रतिरोध वाढतो हे दिसून आलंय, आणि पूर्व विदर्भात खर्रा दिवसाच्या कोणत्या वेळी नसतो ते सांगावं.

प्रतिरोधाच्या खुणा गावात सगळ्यांना दिसतात, फक्त नाव दुसरं असतं. मानेवरचा मखमलीसारखा काळा पट्टा मळ समजून पोरीची आई लिंबू घासते. पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर केस येतात, आणि लग्न झालं की सगळं बरं होतं असं सांगितलं जातं. ते पीसीओएस, म्हणजे बीजांडकोशांचा विकार, असतं. दारूला न शिवणाऱ्याच्या सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघते आणि घरात विनाकारण भांडण लागतं. गरोदरपणात वाढलेली साखर बाळंतपणानंतर उतरते, म्हणून पुन्हा कोणी तपासत नाही, आणि नंतरच्या काही वर्षांत त्याच बाईला मधुमेह होण्याचा धोका बराच असतो.

तपासणीतही विदर्भाची एक गोम आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात या गृहीतकावर उभी आहे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचा, पट्टा. त्या रोग्याच्या पेशी दोन-तीन आठवड्यांतच मोडतात, आणि साखर वाढलेली असूनही रिपोर्ट खाली येतो. उलट लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असला तर आकडा फसवा वर जाऊ शकतो. एकाच गल्लीत दोन्ही असतात. उपाशीपोटी आणि ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी रक्त देणं कटकटीचं आहे, पण इथं तेच जास्त भरवशाचं.

इलाज म्हणून मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध १९५७ मध्ये पॅरिसच्या झाँ स्टर्न यांनी रुग्णांत वापरून दाखवलं. मुळात ते युरोपातल्या एका रानटी शेंगवर्गीय वनस्पतीच्या अभ्यासातून आलं. चालणं आणि जेवण सांभाळणं त्याच्या तोडीचं ठरतं, हे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासानं भारतीयांत दाखवलं: मधुमेहाचं प्रमाण राहणीतल्या बदलानं २८.५ टक्क्यांनी घटलं, गोळीनं २६.४ टक्क्यांनी. त्यात लठ्ठच लोक होते असं नाही.

आता सी-बॅकचा हिशेब. कंबर पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटीमीटरच्या आत असली की शून्य गुण. बेचाळीस वर्षांचा, कंबर ८८, रोज खर्रा, अंगमेहनत भरपूर: वयाचे दोन, तंबाखूचे दोन, एकूण चार. चारच्या वर गेला तर तपासणीला प्राधान्य. घरात कोणाला शुगर होती का, या रकान्याचे दोन गुण मिळाले तर तो सहावर जातो. तो 'नाही' म्हणतो. बापाची कधी तपासलीच नव्हती.