रोमन नाण्यांचा नाद: आधी चेहरा, मग माती

रोमन नाणी जमवण्याची हौस खुद्द रोमन बादशहांच्या काळाइतकी जुनी. सॅटर्नेलियाच्या सणात सम्राट ऑगस्टस भेटी वाटायचा, त्यांत जुन्या राजांची आणि परमुलखातली नाणीही असत, असं रोमन चरित्रकार स्वेटोनियसने ऑगस्टसच्या चरित्रात नोंदवलं आहे.

आज आपण ज्याला छंद म्हणतो त्याची सुरुवात मात्र चौदाव्या शतकात, इटालियन कवी पेत्रार्कपासून धरतात. रोममध्ये द्राक्षमळे खणणारे लोक सापडलेलं नाणं घेऊन त्याच्याकडे येत आणि यावरचा राजा कोण, असं विचारत. 1354 मध्ये इटलीतल्या मांतुआला जर्मन राजा चौथ्या चार्ल्सची भेट झाली, तेव्हा पेत्रार्कने त्याला जुन्या सम्राटांची नाणी नजर केली. यांच्यासारखा हो, हा त्यामागचा उपदेश. पुढची कित्येक शतकं हीच नजर टिकली: नाणं म्हणजे थोर पुरुषाचा चेहरा. दरबारी संग्राहकांना बारा सीझर, म्हणजे ज्युलियस सीझरपासून डोमिशियनपर्यंतचे रोमचे बारा सत्ताधीश, ओळीने हवे असत. मागणी अशी असल्यावर पुरवठा करणारेही निघतातच. सोळाव्या शतकात पादुआच्या जिओव्हानी कावीनोने रोमन धाटणीचे इतके देखणे तुकडे पाडले, की आता लोक तेही हौसेने जमवतात!

शिस्त आणली ती व्हिएन्नाच्या योझेफ एकहेलने. 1792 ते 1798 या काळात आलेल्या त्याच्या आठ खंडांनी नाणेशास्त्राचा पाया घातला. विसाव्या शतकात, 1923 पासून, रोमन बादशाही नाण्यांची मोठी इंग्रजी सूची खंडाखंडाने निघू लागली आणि घरबसल्या नाणं ओळखणं साध्या हौशी माणसाच्याही आवाक्यात आलं. पण नाणं कुठल्या मातीतून, कशाच्या सोबतीने निघालं, हे विचारायची सवय कुणाला फारशी नव्हती. माझ्या मते या छंदाचं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच झालं.

आपल्याकडचंच पाहा. 1898 मध्ये तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईला 501 रोमन मोहरा सापडल्या. बहुतेकींवर सम्राटाच्या तोंडावरच छिन्नीचा घाव. सुबक चेहरा शोधणाऱ्याच्या लेखी हा माल बादच. अभ्यासकाला मात्र तो घावच बोलका वाटतो: झिजलेली मोहर चलनातून काढण्यासाठी तो घातला असावा, असा एक तर्क आहे. महाराष्ट्रात गंमत उलटी. पैठण आणि तेरचा माल गाड्यांनी भडोचला जाई आणि तिथे रोमन सोन्याचांदीची नाणी नफ्यात बदलून मिळत, असं ‘पेरिप्लस’ हा पहिल्या शतकातला ग्रीक सागरी व्यापाराचा ग्रंथ सांगतो. तरीही दक्षिणेच्या मानाने इथे रोमन नाणी थोडीच सापडतात. ती चांदी तेव्हा पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या क्षत्रपांच्या टाकसाळीत वितळली असावी, असं काही जण मानतात. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला 13 हजारांवर चांदीची नाणी निघाली. क्षत्रप राजा नहपानाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं, आणि त्यांतल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने मारलेला स्वतःचा छाप.

मातीचं मोल काय, ते 2010 मध्ये इंग्लंडात फ्रोमला दिसलं. धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणाऱ्या हौशी माणसाला शेतात नाण्यांनी भरलेला रांजण लागला. त्याने तो उपसला नाही, पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. त्यांनी थराथराने 52,503 नाणी काढली. सगळ्यात उशिराची, म्हणजे बंडखोर सम्राट कराउसियसची नाणी वर असायला हवी होती. ती बरीचशी खालच्या भागात निघाली. म्हणजे रांजण वर्षानुवर्षं साठवत गेलेला नव्हता, एकदमच भरलेला होता. त्या हौशी माणसाने रांजण घाईने उपसला असता, तर हे कधीच कळलं नसतं.

आता बाजारही नाण्याचा मागचा प्रवास विचारू लागला आहे. ज्युलियस सीझरच्या खुनाची आठवण म्हणून त्याच्या मारेकऱ्यांपैकी ब्रूटसने पाडलेली, दोन खंजीर असलेली सोन्याची मोहर 2020 मध्ये लंडनला 30 लाख पौंडांच्या वर गेली. मालकीचा इतिहास बनावट निघाला आणि 2023 मध्ये ती ग्रीसला परत करावी लागली.