स्वभाव, ताणतणाव आणि हृदयविकार

माणसाचा स्वभाव, त्याच्या मनावरचा ताण आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा विकार यांच्यातील संबंधाचा अभ्यास हृदयरोगशास्त्र, मानसशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या तिन्ही शाखांत होतो. तंबाखू, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि रक्तातील वाढलेली चरबी ही या विकाराची ठळक कारणे. ताण त्यांच्या जोडीने, आणि पुष्कळदा त्यांच्या आडून, काम करतो. या विषयातील संशोधनाचा रोख गेल्या साठ-पासष्ट वर्षांत बदलत गेला. आधी दोष माणसाच्या स्वभावात शोधला गेला. पुढे लक्ष त्याच्या कामाकडे, कमाईकडे आणि स्वतःच्या दिवसावर त्याची किती सत्ता चालते याकडे वळले. यंत्रमाग आणि विडी या धंद्यांवर हजारो संसार चालणाऱ्या सोलापुरात हा बदल नीट समजून घेणे फार गरजेचे आहे, कारण इथे अजूनही अटॅक आलेल्या माणसाबद्दल पहिले वाक्य ‘स्वभावच तापट होता’ असेच निघते.

‘टाइप ए’ची कथा

राग आणि हृदय यांचा संबंध वैद्यांना जुना ठाऊक आहे. लंडनचा प्रख्यात शल्यविशारद जॉन हंटर याला छातीत कळा येत, आणि आपण चिडलो की त्या उठतात हे त्याने स्वतःच ओळखले होते. १७९३ मध्ये सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बैठकीत वादावादी झाली आणि त्यानंतर लगेच तो कोसळून मरण पावला.

या निरीक्षणाला शास्त्रीय चौकट देण्याचा मोठा प्रयत्न सॅन फ्रान्सिस्कोचे हृदयरोगतज्ज्ञ मायर फ्रीडमन आणि रे रोझेनमन यांनी केला. १९५९ मध्ये त्यांनी ‘टाइप ए’ वर्तनाची मांडणी प्रसिद्ध केली. सदा घाई, एका वेळी दोन कामे, समोरच्याचे बोलणे मध्येच तोडणे, प्रत्येक गोष्टीत चढाओढ आणि चटकन भडकणे ही त्याची लक्षणे. ज्यांच्यात ती नाहीत ते ‘टाइप बी’. त्याआधी याच गटाने अमेरिकी हिशेबनिसांच्या रक्ताची तपासणी केली होती. करभरणीची अंतिम तारीख जवळ आली की त्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले दिसे.

मग कॅलिफोर्नियात ३९ ते ५९ वयाच्या ३,१५४ निरोगी पुरुषांवर साडेआठ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्यांतील २५७ जणांना हृदयविकार झाला, आणि ‘ए’ गटातील प्रमाण ‘बी’ गटाच्या सुमारे दुप्पट निघाले. १९८१ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने ‘टाइप ए’ला जोखमीचा घटक म्हणून मान्यता दिली. भारतातही मासिकांच्या आरोग्यपुरवण्यांतून ही कल्पना घरोघर गेली.

ती फार काळ टिकली नाही. १९८० च्या दशकातील मोठ्या पाहण्यांत तो संबंध पुन्हा सापडेना. त्याच कॅलिफोर्नियातील पुरुषांचा २२ वर्षांचा हिशेब १९८८ मध्ये मांडला गेला, तेव्हा हृदयविकाराने होणारे मृत्यू ‘ए’ गटात अधिक नव्हते. पुढे उघड झालेल्या कागदपत्रांवरून आणखी एक गोष्ट कळली: ताण आणि ‘टाइप ए’ यांवरच्या संशोधनाला तंबाखू कंपन्यांनी अनेक वर्षे पैसा पुरवला होता. आजाराचे खापर माणसाच्या स्वभावावर फुटले तर सिगारेट सुटते, हा त्यामागचा हिशेब. स्वभावाच्या चर्चेत हा इतिहास सांगितला जात नाही, आणि तो सांगितला गेलाच पाहिजे.

‘टाइप ए’ मोडीत निघाला तरी त्याचा एक तुकडा शाबूत राहिला: वैरभाव, म्हणजे इतरांविषयी कायमचा संशय, कडवटपणा आणि आत साठवलेला राग. अनेक अभ्यास एकत्र करून २००९ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार राग आणि वैरभाव अधिक असलेल्या निरोगी माणसांत हृदयविकाराचा धोका १९ टक्क्यांनी जास्त असतो. आधीच हृदयरोग असलेल्यांत पुढील बिघाडाचा धोका २४ टक्क्यांनी. ही वाढ खरी आहे, पण धूम्रपानाच्या धोक्यापुढे लहान आहे. संतापाचा झटका येऊन गेल्यावर पुढचे दोन तास अटॅकचा धोका दुपटीहून अधिक असतो, असे १९९५ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. एरवी निरोगी माणसाच्या बाबतीत मूळ धोकाच इतका कमी असतो की दुप्पट होऊनही तो थोडाच राहतो.

१९९० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ योहान डेनोलेट यांनी ‘टाइप डी’ची कल्पना मांडली: मन सतत उदास आणि चिंताग्रस्त, पण चारचौघांत ते दाखवायचे नाही. सुरुवातीचे आकडे धक्कादायक होते, नंतरच्या मोठ्या अभ्यासांत परिणाम बराच सौम्य निघाला.

काम, हुकमत आणि सोलापूर

ब्रिटनमधील सरकारी नोकरांच्या ‘व्हाइटहॉल’ पाहणीने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून या विषयाची दिशाच फिरवली. ताण मोठ्या साहेबाला आणि म्हणून अटॅकही साहेबाला, असा समज होता. प्रत्यक्षात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण तळच्या श्रेणीत सर्वाधिक आणि वरच्या श्रेणीत सर्वांत कमी आढळले. १९७९ मध्ये अमेरिकी संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी याला सूत्र दिले: कामाची मागणी जास्त आणि कामावरची हुकमत कमी, ही जोडगोळी सर्वांत घातक. युरोपातील सुमारे दोन लाख नोकरदारांच्या माहितीवरून २०१२ मध्ये काढलेल्या निष्कर्षात अशा कामाने हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो असे दिसले. जर्मन समाजशास्त्रज्ञ योहानेस झीग्रिस्ट यांनी दुसरी बाजू दाखवली: कष्ट पुष्कळ आणि त्यांचे मोल थोडे, ही भावनाही हृदयाला बाधते.

या सूत्राचे चालतेबोलते रूप सोलापूरच्या पूर्व भागात दिसते. चादर आणि टॉवेल यांना २००५ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळाले, पण ती विणणाऱ्या कामगाराची पाळी सहसा बारा तासांची, मजुरी मालाच्या हिशेबावर, वेग मागाचा आणि आवाज दिवसभर कानावर आदळणारा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांत हृदयविकाराने मरण्याचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी, तर पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. बारा तासांच्या सहा पाळ्या म्हणजे ७२ तास.

विडी वळणाऱ्या बायांचे काम घरात चालते, म्हणून ते निवांत वाटते. तसे ते नाही. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, विडी खराब ठरली तर ती मोजली जात नाही, आणि पाने कापता कापता चूल, लेकरे, म्हातारी माणसे सगळे सांभाळायचे असते. मागणी पुष्कळ आणि हुकमत जवळजवळ नाही. कॅरासेकचे सूत्र कारखान्यातील आणि कचेरीतील कामांवरून सुचले असले तरी ते या ओसरीवर जितके लागू पडते तितके क्वचितच दुसरीकडे पडत असेल.

काम जाणे हाही मोठा ताण. पन्नाशी ओलांडलेल्या अमेरिकी कामगारांच्या दीर्घ पाहणीत, नोकरी गेलेल्यांना पुढील दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद झालेल्या शहराला हा आकडा परका वाटू नये.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात भारतासह ५२ देशांतील सुमारे १५ हजार रुग्णांची तितक्याच निरोगी माणसांशी तुलना केली गेली. धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर यांच्यासोबत मानसिक-सामाजिक ताणही नऊ मुख्य घटकांत आला. दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी, साधारण ५३ व्या वर्षी येतो, हेही त्याच अभ्यासातून पुढे आले.

ताण हृदयापर्यंत कसा पोचतो

अचानक ताणात ॲड्रेनालिन वाढते, नाडी आणि रक्तदाब चढतात, रक्तातील बिंबिका (गुठळी बनवणाऱ्या प्लेटलेट पेशी) चिकट होतात. धमनीत आधीच चरबीचा थर असेल तर तो फुटून गुठळी होऊ शकते. महिनोन्महिने चाललेल्या ताणात कॉर्टिसोल हे संप्रेरक, झोपेची नासाडी आणि शरीरातील दाह यांचा वाटा मोठा. २०१७ च्या एका अभ्यासात मेंदूतील भीतीशी निगडित असलेला अमिग्डाला हा भाग अधिक सक्रिय असलेल्यांना पुढे हृदयविकार अधिक झाल्याचे आढळले.

दुसरी वाट सवयींची. थकलेला माणूस तंबाखूचा मावा खातो, विडी ओढतो, संध्याकाळी दारूकडे वळतो; बाई मशेरी लावते; बीपीची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून सुटते. ताणाचे बरेचसे नुकसान या वाटेने होते.

जबर आघातानंतर ‘धसका घेतला’ म्हणतात, त्यालाही वैद्यकीय आधार आहे. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी वर्णन केलेल्या ताकोत्सुबो विकारात धमन्या मोकळ्या असूनही हृदयाचा डावा कप्पा फुगतो आणि काही काळ नीट आकुंचन पावत नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांत तो जास्त दिसतो. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत सावरतात, काही मात्र दगावतातही.

उपचार

स्वभाव बदलत नाही, सवय बदलते. फ्रीडमन यांच्याच गटाने झटका येऊन गेलेल्या हजारावर रुग्णांच्या चाचणीत सुमारे सहाशे जणांना घाई आणि राग आवरण्याचे समुपदेशन दिले. साडेचार वर्षांत त्यांच्यात पुन्हा झटका येण्याचे प्रमाण घटल्याचे १९८६ मध्ये जाहीर झाले. नैराश्याचा प्रश्न याहून अवघड आहे. झटक्यानंतर नैराश्य आलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण जास्त असते, पण त्यावर उपचार केल्याने मृत्यू कमी होतात असे २००३ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत सिद्ध झाले नाही. उपचाराने माणसाचे जगणे सुसह्य होते, तो औषधे घेतो, चालायला लागतो. एवढ्यासाठीही नैराश्याची विचारपूस प्रत्येक हृदयरुग्णाकडे व्हायला हवी. ती करायला वेगळे यंत्र लागत नाही: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होते का, कशात रस वाटेनासा झाला का, हे दोन प्रश्न पुरेसे असतात. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही ते विचारता आले, तरच सोलापुरात ते खऱ्या अर्थाने विचारले गेले असे म्हणता येईल.

छातीत दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, श्वास लागणे ही लक्षणे ‘टेन्शन’ किंवा ‘गॅस’ समजून घरी काढणे धोक्याचे आहे. स्त्रियांत आणि मधुमेहींत छाती न दुखताही झटका येतो, नुसता थकवा किंवा मळमळ जाणवते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे, ईसीजी काही मिनिटांत निघतो, आणि अँजिओप्लास्टी, म्हणजे तुंबलेली धमनी फुग्याने उघडण्याचा उपचार, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते.