सोसायटीचा फॉर्म बी (आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट): कोण देतं, कागद कोणते लागतात आणि सही घ्यायच्या आधी काय बघायचं

जानेवारी नाहीतर जुलै आला की सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, "आपला फॉर्म बी झाला का?" मग सेक्रेटरी ट्रेझररकडे बघतो आणि ट्रेझरर मॅनेजरकडे. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी सगळ्यात मोठा गैरसमज. फॉर्म बी फायर ब्रिगेड देत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६, जो डिसेंबर २००८ पासून लागू झाला, त्यात आग विझवायची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकावर किंवा जागा वापरणाऱ्यावर टाकलीय, म्हणजे आपल्याकडे सोसायटीवर, आणि ती चालू स्थितीत आहे असं सर्टिफिकेट वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लायसन्स्ड एजन्सीकडून घ्यायचं असतं, तोच फॉर्म बी. एजन्सीला लायसन्स महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय देतं, यादी त्यांच्या वेबसाइटवर असते. लायसन्सची मुदत संपलेली नाही ना एवढं बघाच. फॉर्म ए वेगळा, तो यंत्रणा नवीन बसवली की घ्यायचा.

कागद फार नाहीत. बिल्डिंगची फायर एनओसी (फायर ब्रिगेडचं ना-हरकत पत्र), ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), मंजूर प्लॅन, मागचा फॉर्म बी, आग विझवायच्या सिलिंडरच्या रिफिलिंगची पावती आणि एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) असेल तर त्याची कॉपी, एजन्सी साधारण एवढंच मागते. यातली फायर एनओसी सगळ्यात महत्त्वाची कारण तुमच्या बिल्डिंगला नेमकं काय काय बसवायला सांगितलं होतं ते तिच्यातच लिहिलेलं असतं. आमच्याकडे ती बिल्डरच्या जुन्या फाइलमध्ये प्लंबिंगच्या बिलांखाली सापडली.

आता खरी गोष्ट. एका एजन्सीवाल्याने आम्हाला फोनवरच सांगितलं, यायची गरज नाही, फोटो पाठवा, संध्याकाळी सर्टिफिकेट मेल करतो. नको म्हटलं. दुसऱ्याला बोलावलं, त्याने पाचव्या मजल्यावरचा होज बॉक्स, म्हणजे आगीच्या पाइपची पेटी, उघडला तर आत पितळी नोझल गायब आणि त्या जागी झाडू. भंगारात पितळेला भाव आहे, बाकी समजून घ्या. म्हणून टेस्टच्या वेळी कमिटीतलं कोणीतरी सोबत फिरा. वरच्या मजल्यावरचा हायड्रंट वॉल्व्ह (आगीच्या पाण्याच्या लाइनचा) उघडायला लावा, लाइनचं प्रेशर उतरलं की आधी जॉकी पंप (लाइनचं प्रेशर टिकवणारा छोटा पंप) आणि मग मेन पंप आपोआप सुरू झाला पाहिजे, वॉचमनला फोन करून बटण दाबायला सांगावं लागलं तर समजा पॅनलचा स्विच मॅन्युअलवर टाकलाय, रात्री पंप वाजतो म्हणून हे सर्रास करतात. सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. सीओटू सिलिंडरला मात्र काटा नसतो, तो वजन करून बघतात. स्प्रिंकलरच्या काचेच्या बल्बवर पेंटरने ब्रश फिरवला असेल तर तो पुसून चालत नाही, बदलावाच लागतो, लाल बल्ब साधारण ६८ अंशाला फुटायचा असतो आणि रंगाच्या थराने त्याला उशीर होतो. हूटर (आगीचा भोंगा), फायर लिफ्टचा स्विच हेही बघा. रिफ्यूज एरियात (आग लागली तर थांबायला मोकळी ठेवलेली जागा) कोणाची सायकल, कोणाचं जुनं कपाट असतंच, ते आधीच हलवा.

एजन्सीने काही बिघाड काढला तर आधी दुरुस्ती, मग सही. उलटं करू नका, कारण यंत्रणा बंद असताना सर्टिफिकेट द्यायची एजन्सीलाही कायद्याने मनाई आहे, आणि उद्या काही झालं तर सोसायटीला "आम्हाला काय माहीत" म्हणता येत नाही.

मग फॉर्म तुमच्या शहराच्या फायर ब्रिगेडकडे जमा करायचा, ऑनलाइन सोय असेल तिथे अपलोड, नाहीतर हार्ड कॉपी देऊन दुसऱ्या कॉपीवर पोचेचा शिक्का. शिक्क्याशिवाय परत येऊ नका. दिलाच नाही तर तपासणीत सापडल्यावर नोटीस येते, पुढे वीज-पाणी तोडण्यापर्यंत आणि कोर्टात केस होण्यापर्यंत जाऊ शकतं.

आणि हो, टेस्टच्या आदल्या दिवशी लिफ्टमध्ये कागद चिकटवा, की उद्या अकरा वाजता हूटर वाजणार आहे. आम्ही विसरलो होतो, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी थेट १०१ लावला.