रेस्टिंग हार्ट रेट कमी करणं

रेस्टिंग हार्ट रेट म्हणजे माणूस निवांत असताना, धावपळ नाही, कुणाशी वाद नाही, नुकताच चहा झालेला नाही अशा वेळी, मिनिटाला पडणारे हृदयाचे ठोके. मोठ्या माणसात ६० ते १०० नॉर्मल धरतात. ही रेंज जरा ढगळच आहे, कारण रोज सकाळी ९५ येत असेल तर रिपोर्टवर नॉर्मल लिहिलेलं असलं तरी कारण शोधायला हवं.

मोजायचं सकाळी जाग आल्या आल्या, अंथरुणातच, मोबाईल बघायच्या आधी. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवून ३० सेकंद मोजायचं आणि दुप्पट करायचं, अंगठा लावायचा नाही कारण त्याची स्वतःचीच नाडी लागते. स्मार्टवॉच मागच्या हिरव्या लाइटने त्वचेखालचं रक्त कमीजास्त होताना बघून आकडा काढतं, त्यात कुठलं घड्याळ झोपेतले ठोके धरतं, कुठलं जागेपणीचे, त्यामुळे दोन मित्रांनी आपापली घड्याळं शेजारी धरून कोण जास्त फिट हे ठरवण्यात काही दम नाही. स्वतःचाच आठवड्याचा सरासरी आकडा बघावा.

आता कमी होतो कसा? आरामात असताना शरीराला मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त लागतं. हृदय एका ठोक्याला ७० मिली ढकलत असेल तर ७२ ठोके लागतात, १०० मिली ढकलायला लागलं की ५० मध्ये काम होतं. नियमित धावणं, सायकलिंग, पोहणं यांनी रक्ताचं प्रमाण वाढतं, डावा कप्पा थोडा मोठा होतो आणि एका ठोक्यातलं रक्त वाढतं. दुसरी गोष्ट व्हेगस नर्व्हची, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या एका नसेची. हृदयाचा स्वतःचा पेसमेकर, म्हणजे ठोक्याचा इशारा देणाऱ्या पेशींचा पुंजका, मोकाट सोडला तर १०० च्या आसपास पळतो, ही नर्व्ह त्याला लगाम लावून धरते, म्हणून तर हार्ट ट्रान्सप्लांट झालेल्यांचा, जिथे ती जोडणी तुटलेली असते, आरामातला रेट ९०-१०० च्या घरात राहतो. २०१४ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात तर असं दिसलं की ट्रेनिंगने खुद्द पेसमेकरच्या पेशीच बदलतात, म्हणजे सगळं श्रेय व्हेगसला देऊन चालणार नाही.

खेळाडूंचं हृदय मोठं असतं हे स्वीडनच्या हेन्शेन नावाच्या डॉक्टरने १८९९ मध्येच स्कीइंग करणाऱ्यांची छाती बोटांनी ठोकून, नुसत्या आवाजावरून सांगितलं होतं. स्पॅनिश सायकलपटू मिगेल इंदुराइनचा रेट २८ असल्याचं सांगतात, पण तो आपला टार्गेट नव्हे. हेरिटेज नावाच्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात सातशेवर बैठ्या लोकांना २० आठवडे सायकल मारायला लावली तेव्हा सरासरी जेमतेम दोन-चार ठोके कमी झाले, त्यामुळे महिन्यात १५ ठोके कमी करा वगैरे व्हिडिओ बघून हुरळून जाऊ नये. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, म्हणजे चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या स्पीडने, हा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब इथेही चालतो. योगाचाही थोडा फायदा दिसलाय.

खाण्याचं मात्र स्पष्टच सांगायला हवं, ठोके कमी करणारा असा खास पदार्थ नाही. फिश ऑइलच्या ३० चाचण्या एकत्र करून २००५ मध्ये जो निष्कर्ष आला तो साधारण दीड ठोक्याचा, म्हणून बांगडा-तारली चवीसाठी खा, दीड ठोका बोनस समजा. जवसाच्या चटणीतलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं, शरीरात त्याचं माशातल्या प्रकारात रूपांतर फार थोडं होतं. खरा फरक पडतो काढून टाकण्यात. सिगरेट असो की तळहातावर मळलेली तंबाखू, निकोटिन ठोके वाढवतं. रात्री दारू झाली की झोपेतला रेट वर राहतो, घड्याळ घालणाऱ्यांनी हे एकदा तरी पाहिलेलं असतं. वजन उतरलं तरी आकडा उतरतो.

आणि एक गोष्ट आपल्याकडे कायम राहून जाते, अॅनिमिया. रक्तात हिमोग्लोबिन कमी असलं की तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायका अॅनिमिक निघाल्या. अशा बाईला धावायला पाठवण्याआधी सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन दाखवणारी रक्ताची तपासणी, करा, हिमोग्लोबिन कमी निघालं तर लोहही तपासा, ते कमी असेल तर भरून काढा आणि जेवणावर लगेच चहा घ्यायची सवय मोडा, कारण चहा लोह नीट शोषू देत नाही. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असली (हायपरथायरॉइड) तरी ठोके वाढतात, तिथे कितीही चाललं तरी उपचार थायरॉइडचाच करावा लागतो.

मुरलेले रनर हा आकडा उलट्या कामासाठीही वापरतात, सकाळचा रेट नेहमीपेक्षा ७-८ ने वर आला तर झोप झालेली नाही, ताप येऊ घातलाय किंवा ट्रेनिंग जास्त होतंय असं धरून त्या दिवशी धावायला जातच नाहीत. उलट व्यायाम न करता रेट ५० च्या खाली आणि वर चक्कर, थकवा असेल तर ते फिटनेसचं लक्षण नव्हे, ईसीजी काढून घ्यावा. बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तरी रेट कमीच दिसणार, तो गोळीचा प्रताप. व्यायाम सुटला की कमावलेले दोन-चार ठोके काही आठवड्यांतच परत येतात.