सकर, कोरी आणि कोकणातलं पाणी : घरगुती टाक्यांमधल्या दक्षिण अमेरिकी कॅटफिशची पार्श्वभूमी

कोकणातल्या घरांत दक्षिण अमेरिकेचा कॅटफिश शिरला तो कामाचा गडी म्हणून. टाकी गोल्डफिशची किंवा एंजलची. काचेवरचं शेवाळ खायला एक 'सकर' आणि तळाचं उरलंसुरलं उचलायला दोन कोरी, हा दुकानदाराचा ठरलेला हिशेब. या माशांना वेगळं खाणं घालावं लागतं, कोरी सहाच्या खाली ठेवू नयेत, सकर फूटभर वाढतो, यातलं काहीच पिशवीबरोबर सांगितलं जात नसे. पुढचे बहुतेक घोटाळे त्या पहिल्या ओळखीतून निघाले.

लांबचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. ठिपकेदार कोरीचे, म्हणजे कोरीडोरास पॅलिएटसचे, नमुने डार्विन ज्यावर होता त्या बीगल जहाजाच्या सफरीत गोळा झाले. वर्णन १८४२ मध्ये छापून आलं आणि १८७८ साली पॅरिसमध्ये टाकीत त्याची पैदास झाली. नंतरची शंभर-सव्वाशे वर्षं कोकणापुरती रिकामीच म्हणायची. मुंबईत मरीन ड्राइव्हला १९५१ मध्ये सार्वजनिक मत्स्यालय उघडलं आणि चाकरमान्यांना काचेमागचे मासे बघायची गोडी लागली. गावच्या घरात टाकी यायला मात्र बराच अवकाश होता.

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला, तेव्हापासून चित्र पालटलं. त्याआधी कुर्ल्याहून किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून घेतलेली पिशवी रातराणीने यायची. एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, वर वर्तमानपत्र, आणि थर्माकोलचा खोका. गप्पी-मॉली हा प्रवास सोसत. कोरी मात्र पोचेपर्यंत मेलेले असत. कारणं दोन. भरल्या पोटाचा मासा पिशवीत घाण करतो आणि अमोनिया चढतो. शिवाय घाबरलेला कोरी छातीच्या परांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतून विषारी स्राव सोडतो. सात-आठ जण एकत्र कोंबले की एकाच्या भीतीने सगळे जातात. पिशवीतल्या पाण्यावर फेस दिसला तर पाणी ताबडतोब बदलावं. निघण्याआधी दीड दिवस उपास, पकडल्यावर अर्धा-पाऊण तास बादलीत, मग ते पाणी टाकून नव्या पाण्यात लहान पिशवीत दोन-तीनच मासे, ही पद्धत रेल्वेच्या काळात रुजली. पिशवी दुहेरी हवी, कारण परांचे काटे प्लास्टिक भोसकतात.

पाण्याच्या बाबतीत कोकण नशीबवान आहे, आणि हे उशिरा कळलं. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ, बरेचदा सहा-साडेसहा पीएचचं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शंभराच्या आतबाहेर. घाटावरच्या बोअरवेलवाल्याला यासाठी आरओ लावावा लागतो. पण याच पाण्याचा एक धोका आहे. त्यात आम्ल झेलणारा क्षार जवळजवळ नसतो. फिल्टरमधले जिवाणू काम करू लागले की पीएच घसरतो, पाचाच्या आसपास आला की जिवाणूच थंडावतात आणि अमोनिया साचतो. मासे वर येऊन श्वास घेतात, मालक म्हणतो ऑक्सिजन कमी पडला. शंभर लिटरला मूठभर धुतलेल्या शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरच्या धारेत ठेवला की हे थांबतं. खाडीकाठच्या विहिरींचं गणित उलटं: एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ होतं आणि टीडीएस हजारावर जातो. ते कोरीला चालत नाही. तसंच समुद्राची वाळू तळाला घालू नये, कितीही धुतली तरी. शिंपल्यांचे कण त्यात राहतातच, आणि पिशवीतल्या चुऱ्यासारखे ते काढून घेता येत नाहीत. लिंबू पिळून बुडबुडे आले तर समजून जावं. कोरीच्या मिशा झिजण्याचा दोष मात्र नेहमी वाळूच्या धारेला देतात, तो अर्धाच खरा. तळात कुजणारा गाळ मिशा जास्त खातो.

आता 'सकर'. या एका नावाने दुकानात निदान चार वेगळे मासे विकले गेले. पहिला टेरीगोप्लिक्थिस, मोठ्या शिडासारख्या पराचा, चाळीस सेंटिमीटर सहज ओलांडणारा. दुसरा अँसिस्ट्रस, म्हणजे बुशीनोज, बारा-तेरा सेंटिमीटरवर थांबणारा. तिसरा ओटोसिंक्लस, जेमतेम चार सेंटिमीटरचा. चौथा तर दक्षिण अमेरिकेचाही नाही आणि कॅटफिशही नाही, आग्नेय आशियातला चायनीज अल्गी ईटर. मोठा झाला की शेवाळ सोडून इतर माशांच्या अंगाला चिकटतो. चारही काचेला तोंड लावतात, एवढंच त्यांच्यात सारखं. स्वस्त आणि सतत मिळणारा पहिलाच, कारण तो परदेशातल्या फार्मवर मातीच्या तळ्यांत हजारोंनी निघतो. म्हणून घरोघरी गेला तोही पहिलाच.

ओळख अवघड नाही. पिल्लू दोन इंचांचं असतानाच पारदर्शक पिशवीत आडवं धरावं आणि पाठीवरच्या पराचे किरण मोजावेत. पुढचा जाड काटा सोडून नऊ किंवा जास्त मृदू किरण असले तर टेरीगोप्लिक्थिस. सातच्या आसपास असले तर अँसिस्ट्रस किंवा हायपोस्टोमस. यातला हायपोस्टोमसही मोठाच होतो, म्हणून पुढे तोंड बघावं: अँसिस्ट्रसचं थोबाड रुंद आणि चपटं, आणि नराला पाच-सहा सेंटिमीटरपासून नाकावर मऊ कोंब फुटू लागतात. दुकानात हे करायला एक मिनिट लागतं. बहुतेकांनी ते केलं नाही, कारण विचारणारंच कोणी नव्हतं.

परिणाम असा, की दोन फुटी टाकीत दीड वर्षात फूटभर मासा झाला. तो शेवाळ कमी आणि गोळ्या जास्त खाऊ लागला, रात्री झाडं उपटू लागला, विष्ठेच्या दोऱ्यांनी तळ भरू लागला. मारवत नाही आणि दुकानदार परत घेत नाही. डास मारायला विहिरीत गप्पी सोडायची सवय कोकणाला आधीपासून आहेच. त्याच हाताने सकरही विहिरीत, तळ्यात, पऱ्ह्यात गेले. घाटावर उजनी जलाशयात हा मासा मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला, काट्यांनी जाळी फाडू लागला आणि खाणारं कोणी नसल्यामुळे काठावर फेकला जाऊ लागला. केरळ, तमिळनाडू, आंध्र, बंगाल इथलीही तीच तक्रार. काठाच्या मातीत तो हातभर खोल बिळं करून अंडी घालतो, पोटाने हवेतला ऑक्सिजन घेतो आणि पाण्याबाहेर कित्येक तास तग धरतो. कोकणातल्या नद्या आखूड, लगेच खाडीला मिळतात, म्हणून इथे तो पसरणार नाही, असं एक मत ऐकू येतं. ते फसवं आहे. निमखाऱ्या पाण्यातही हा मासा काही दिवस काढतो, आणि वरच्या अंगाला वाशिष्ठी, शास्त्री, सावित्री यांना बारमाही डोह आहेत.

त्यावरून वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. टेरीगोप्लिक्थिसची विक्रीच थांबवावी, असं टाकीवाल्यांतल्या एका गटाचं म्हणणं. दुकानदार म्हणतात, गिऱ्हाइकाला पन्नास रुपयांच्या आतला क्लीनर हवा असतो. तो मिळाला नाही तर गिऱ्हाईक टाकीच घेत नाही. दुसरी बाजू अगदी खोटी नाही, पण अँसिस्ट्रस इथल्या पाण्यात महिन्याला एक घड देतो हे कळल्यावर तिच्यात फारसा दम उरत नाही. पिल्लं स्थानिक असली की भावातला फरकही आटोपतो.

अँसिस्ट्रसला नराच्या अंगाबरोबर बसणारी गुहा लागते: बारा-पंधरा सेंटिमीटर लांब, साडेतीन-चार सेंटिमीटर रुंद, एक टोक बंद. बांबूचं पेर चालतं. जुन्या घरांवरून उतरवलेले नळे, म्हणजे नळीची कौलं, त्याहून बरे. दोन नळे एकमेकांवर पालथे बांधून निमुळतं टोक दगडाने बुजवलं की काम झालं. नळ्यांवर चुन्याचा गिलावा राहिला असेल तर तो आधी खरवडावा. नर मादीला आत कोंडतो, नारिंगी अंड्यांचा घड पडतो, पन्नास ते शंभर. मग नर एकटाच पराने वारा घालत बसतो. सत्तावीस अंशाला चार-पाच दिवसांत पिल्लं फुटतात, आणखी आठवडाभर पोटाच्या पिवळ्या पिशवीवर राहतात. मध्येच पाणी तापलं किंवा कोणी टॉर्च मारत बसलं तर नर घड बाहेर लोटतो. तो जाळीत घेऊन एअरस्टोनशेजारी टांगावा. पिल्लांना उकळत्या पाण्यातून काढलेली काकडी, दुधी, पावसाळ्यात तवसं. टाकीत लाकूड कायम हवं. पेरूचं वाळलेलं चालतं. खाडीत सापडलेला ओंडका मात्र महिनाभर गोड्या पाण्यात बुडवून, पाणी बदलत राहून मगच घालावा.

कोरीची गोष्ट पावसाशी बांधलेली आहे. जुन्या पुस्तकांनी पॅलिएटस आणि पांडा या कोरींची शिफारस केली, ती थंड हवेच्या देशांतली. मे महिन्यात एकतीस-बत्तीस अंशांना पोचणाऱ्या टाकीत ते झुरतात. स्टर्बाय जातीचा कोरी इथे टिकतो, ब्राँझ कोरीही बऱ्यापैकी. दोन फुटी टाकी, सहा ते आठ मासे, एका मादीमागे दोन नर, स्पंज फिल्टर. मे महिनाभर गांडुळाचे तुकडे आणि गोठवलेले ब्लडवर्म भरपूर घालून माद्या रुंद होऊ द्याव्यात, पाण्याची पातळी थोडी उतरू द्यावी. जूनच्या पहिल्या झडीत हवेचा दाब पडला की चाळीस टक्के पाणी तीन-चार अंश थंड पाण्याने बदलावं, तेही सलग दोन-तीन दिवस. पागोळीचं पाणी वापरायचं तर पहिल्या आठ दिवसांचं सोडून द्यावं, गंजक्या पत्र्यावरचं अजिबात नको, आणि एकतृतीयांशाच्या वर नको. त्यात क्षार शून्य असतात. ऑक्टोबरात बर्फाच्या पिशव्या टाकून हेच करायचा प्रयत्न होतो. कधी साधतो, कधी नुसते मासे गारठतात.

मादी नराच्या पोटाशी तोंड लावते, टी अक्षरासारखी जोडी दिसते, मग पोटाखालच्या परांच्या ओंजळीत दोन-चार अंडी धरून ती काचेवर चिकटवते. ब्राँझ कोरीवरच्या अभ्यासात दिसलं, की मादी शुक्राणू गिळते आणि ते आतड्यातून थेट त्या ओंजळीपर्यंत पोचतात. काही तासांनी अंडी टणक झाली की बोटाच्या टोकाने गडगडत काढता येतात. ओली असताना काढली तर फुटतात. दोन-तीन लिटरच्या डब्यात टाकीचंच पाणी, मंद हवा, मिथिलीन ब्लू या बुरशीनाशक रंगाची फिकट छटा किंवा देशी बदामाचं एक वाळलेलं पान, जे किनाऱ्यावर फुकट पडलेलं असतं. पांढरी अंडी रोज उचलावीत. तीन ते पाच दिवसांत पिल्लं, त्यापुढे दोन दिवसांनी आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची नुकती उबलेली पिल्लं. आर्टेमिया उबवायला स्वच्छ समुद्राचं पाणी थोडं गोडं करून चालतं. दुसऱ्या आठवड्यात पिल्लं पटापट मरतात ती उपासमारीने नव्हे, तळावरच्या बुळबुळीत थराने. तो रोज नळीने ओढावा.

३ जून २०२० चं निसर्ग आणि पुढच्या मे महिन्यातलं तौक्ते, या दोन वादळांनी उपकरणांची निवड बदलली. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. कोरी आतड्याने हवा घेतात, ते बरेच वाचले. वीज आल्यावर मात्र बंद डब्याचे फिल्टर तसेच सुरू केले गेले, आत कुजलेलं पाणी टाकीत आलं आणि वाचलेलेही गेले. तेव्हापासून बॅटरीवरचा एअर पंप आणि स्पंज फिल्टर हेच चालू झालं. वीज तीन-चार तासांपेक्षा जास्त गेली तर डबा उघडून स्पंज टाकीच्या पाण्यात पिळूनच पुन्हा जोडतात.

नावांचा गोंधळ अलीकडे वाढलाच. शास्त्रीय वर्णनापेक्षा आयात वेगाने होऊ लागली म्हणून १९८८ मध्ये एका जर्मन मासिकाने प्लेकोंना, म्हणजे सकरच्या कुळातल्या माशांना, एल क्रमांक द्यायला सुरुवात केली. त्यात एल ००१ आणि एल ०२२ एकच मासा निघाले. २०२४ मध्ये कोरीडोरास वंशाची फोड झाली. स्टर्बाय आता होप्लिसोमा, ब्राँझ ओस्टिओगॅस्टर. दुकानात 'कोरी'च चालू आहे.

कायद्याचा इतिहास त्याहून खडबडीत. २०१७ च्या मे महिन्यात केंद्राने १५८ जातींची यादी असलेले मत्स्यटाकी नियम काढले आणि ओरड झाल्यावर ते मागे घेतले. झिंगू नदीतला झेब्रा प्लेको, एल ०४६, १९९१ मध्ये वर्णिला गेला; ब्राझीलने त्याची निर्यात २००४ पासून रोखली, आणि २०२२ मध्ये साइटिस या दुर्मीळ जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेत तो दुसऱ्या परिशिष्टात गेला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत असलेल्या अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी लागते, नियम २०२४ चे. घरात पैदास केलेलं पिल्लू असलं तरी कागद हवाच.

पैशाची बाजू २०२० च्या केंद्रीय मत्स्यसंपदा योजनेने उघडली. तिच्यात परसातल्या शोभिवंत माशांच्या युनिटचा खर्च तीन लाख धरला होता. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. अँसिस्ट्रसची विकण्याजोगी दीड इंची पिल्लं तयार व्हायला तीन-चार महिने लागतात, गप्पी-मॉलीचे पैसे त्याआधी सुटतात. त्यामुळे पहिल्या वर्षी निम्म्या टाक्या गप्पींच्या, बाकीच्यांत एक नर आणि दोन माद्या असे अँसिस्ट्रसचे संच, अशी विभागणी केली जाते.