बुटाच्या जिभेवर लिहिलेला देश आणि बुटाचा दर्जा: आमच्या ग्राहकांसाठी थोडं सविस्तर

आमच्याकडे बूट दुरुस्तीला घेऊन येणारे बरेच जण काउंटरवर एकच गोष्ट विचारतात, की अहो एवढा नावाजलेला ब्रँड, पूर्वी हेच बूट वर्षानुवर्षं चालायचे म्हणे, मग आता दोन पावसाळ्यात का गेले, आणि मग बुटाची जीभ उलटून आतलं लेबल दाखवतात, बघा, व्हिएतनाममध्ये बनलाय, इथेच गडबड आहे ना? गर्दीत उभ्याउभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही म्हणून हे लिहून काढलंय. बूट विकत घ्यायच्या आधी वाचलंत तर जास्त उपयोगाचं, कारण दुरुस्तीला येईपर्यंत बऱ्याचदा आमच्या हातात फार थोडं उरलेलं असतं.

आमचं मत आधीच सांगतो. बूट कुठल्या देशात शिवला यावरून तो किती टिकेल ते कळत नाही. पण कंपनी कारखाना दुसऱ्या देशात हलवते ती बहुतेक वेळा खर्च कमी करायलाच, आणि त्याच सुमारास चामडं कुठलं घ्यायचं, सोल शिवायचा की चिकटवायचा, आतली टाच कशाची, हे सगळं पुन्हा ठरतं, आणि तिथे जे जे स्वस्त केलं जातं ते तीन-चार वर्षांनी आमच्या टेबलावर येतं. म्हणजे बघायचं ते बुटाकडे, लेबल नंतर.

डॉक मार्टन्सचं काय झालं

कॉलेजच्या मुलामुलींचे हे बूट आमच्याकडे भरपूर येतात म्हणून याच्यापासून सुरुवात. याचा हवेच्या गादीसारखा सोल मूळ जर्मनीतला, क्लाउस मार्टन्स नावाच्या डॉक्टरने 1945 मध्ये स्कीइंग करताना घोटा दुखावून घेतला, मिलिटरीचे कडक बूट पायाला झेपेनात म्हणून स्वतःसाठी मऊ सोल बनवला आणि मग हर्बर्ट फंक या मित्राबरोबर धंदाच चालू केला. पुढे इंग्लंडमधल्या नॉर्थम्प्टनशर परगण्यातल्या वोलस्टन गावच्या ग्रिग्ज घराण्याच्या कंपनीने हक्क घेतले आणि 1 एप्रिल 1960 ला पहिला आठ भोकांचा बूट तिथून बाहेर पडला, 1460 हे नाव त्या तारखेवरूनच आलंय. नॉर्थम्प्टन आणि आसपासचा भाग म्हणजे पिढ्यानपिढ्या बूट बनवणारा मुलूख. सुरुवातीला हे बूट पोस्टमन आणि कारखान्यातले कामगार घालायचे, गाणीबजावणीवाली तरुण पोरं नंतर आली.

2003 मध्ये कंपनी जवळजवळ बुडायला आली होती. विक्री खूप घसरलेली, इंग्लंडमधली मजुरी परवडेना, म्हणून तिथलं उत्पादन बंद करून चीन आणि थायलंडला नेलं, आणि हजाराच्या आसपास लोकांच्या नोकऱ्या गेल्या. याचं आम्हाला खरंच वाईट वाटतं, कारण बुटाचं काम मशीन बटण दाबून करत नाही, अप्परचे, म्हणजे सोलच्या वरच्या भागाचे तुकडे शिवणं, फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर चामडं ओढून बसवणं, हे हाताला सवय लागून येणारं काम आहे आणि हात एकदा पांगले की पुन्हा गोळा होत नाहीत. 2007 मध्ये वोलस्टनच्याच कॉब्ज लेन कारखान्यात थोडं उत्पादन परत सुरू झालं, ते मेड इन इंग्लंड म्हणून वेगळ्या आणि बऱ्याच चढ्या किमतीला विकतात, बाकी बहुतेक सगळा माल आशियातच बनतो. त्याच वोलस्टनमध्ये 1881 साली कामगारांच्या सहकारी संस्थेतून सुरू झालेला एनपीएस हा दुसरा कारखाना आहे, ते पूर्वी डॉक मार्टन्सच बनवून द्यायचे आणि आता सोलोव्हेअर नावाने तशाच घडणीचे बूट विकतात. युकेला कोणी नातेवाईक असेल आणि काय आणू विचारत असेल तर हे नाव माहीत असलेलं बरं.

आता दुरुस्तीच्या बाजूने सांगतो, कारण इथे लोकांचा खूप गैरसमज असतो. डॉक मार्टन्सच्या कडेने जी पिवळी शिलाई दिसते ती बघून वाटतं की सोल शिवलेला आहे म्हणजे बदलता येईल. खरं तर अप्परला एक प्लास्टिकची पट्टी, म्हणजे वेल्ट, शिवलेली असते आणि सोल त्या वेल्टला प्रचंड उष्णता देऊन वितळवून एकजीव केलेला असतो. शिवाय सोल आतून पोकळ, कप्प्याकप्प्यांचा, त्यामुळे झिजून एकदा भोक पडलं की पाणी थेट कप्प्यात. ही पद्धत इंग्लंडमध्ये बनतानाही हीच होती आणि आजही दोन्हीकडे हीच आहे, म्हणजे इंग्लंडवाला घेतलात म्हणून सोल सहज बदलता येईल असं मुळीच नाही. फरक मुख्यतः चामड्यात पडतो, इंग्लंडच्या लाइनला चामडं वेगळं वापरतात. तेव्हा जास्त पैसे देताना ते कशाचे देतोय ते माहीत असू द्या.

कन्व्हर्स, आणि एकाच देशात दोन दर्जे

देशाचं लेबल किती कमी सांगतं याचा आमच्या मते सगळ्यात चांगला पुरावा कन्व्हर्सचे कॅनव्हास बूट. कंपनी 1908 मधली, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सची, ऑल स्टार हा बूट 1917 पासूनचा. 2001 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, नॉर्थ कॅरोलायनातल्या लंबर्टनचा कारखाना बंद झाला, काम आशियात गेलं आणि 2003 मध्ये नाइकीने 30 कोटी डॉलर्सच्या वर रक्कम देऊन कंपनी विकत घेतली. त्यानंतर जुने घालणारे लोक म्हणू लागले की कॅनव्हास पातळ झालाय, आतली गादी नावालाच आहे, बाजूचं रबर लवकर सुटतं. मग 2013 मध्ये कंपनीनेच चक सेव्हंटी आणला, जाड कॅनव्हास, बाजूची रबराची पट्टी उंच, आत चांगली गादी, थेट 1970 च्या दशकातल्या बुटासारखा. हा पण आशियातच बनतो. म्हणजे चांगला बूट तिथल्या कारागिरांना बनवता येत नव्हता असं अजिबात नव्हतं, स्वस्तातल्या बुटात ते सगळं टाकायचं नाही असं ठरलेलं होतं.

आणि एक गोष्ट, नव्या साध्या कन्व्हर्सच्या तळाला एक पातळ केसाळ थर दिसतो, लोक आम्हाला विचारतात की ही बुरशी आहे का, नाही, तो मुद्दाम लावलेला असतो. बूट बाहेरून अमेरिकेत आणायचा तर कस्टम ड्यूटी भरावी लागते आणि तळाचा मोठा भाग कापडाचा असला तर तो बूट वेगळ्या वर्गात जाऊन ड्यूटी बरीच कमी बसते. चार दिवस रस्त्यावर चाललात की तो थर घासून निघून जातो, काळजी करू नका. बूट परदेशी बनायला लागल्यामुळे त्याच्या तळव्यावर सरकारी कर दिसायला लागला, असं म्हणायला हरकत नाही.

क्लार्क्सबद्दल थोडंच सांगतो. इंग्लंडच्या सॉमरसेटमधलं स्ट्रीट हे गाव, 1825 पासूनची कंपनी, आता ब्रँडचे बहुतेक बूट व्हिएतनाम वगैरे आशियाई देशांत बनतात, आणि स्ट्रीटमधल्या जुन्या कारखान्याच्या जागेवर 1993 पासून सवलतीच्या दुकानांचं शॉपिंग व्हिलेज आहे. त्यांचा 1950 चा डेझर्ट बूट आपल्याकडे पण हौसेने घेतात, त्याचा क्रेप सोल म्हणजे जवळजवळ कच्चं रबर, आपल्या उन्हाळ्यात मऊ पडतो, डांबर आणि धूळ ओढून घेतो. तो दोष कारखान्याचा नाही, मूळ डिझाइनच तसं आहे, गरम रस्त्यावर रोज वापरायला घेऊ नका एवढंच.

आपल्या देशाचंही यात काम आहे

परदेशी म्हणजे फक्त चीन नाही. जगातले निम्म्याहून जास्त बूट चीनमध्ये बनतात हे खरं, पण जोड्यांच्या संख्येत दुसरा नंबर भारताचा आहे. तमिळनाडूमधलं आंबूर, राणीपेट, वाणियंबाडी हा पट्टा आणि उत्तरेत आग्रा, इथे युरोप-अमेरिकेच्या मोठमोठ्या ब्रँडचे चामड्याचे बूट शिवले जातात. फ्लोरशाइम ही 1892 ची शिकागोची कंपनी, एकेकाळी अमेरिकन ऑफिसातल्या साहेबांचा बूट, आज त्यांचे बरेच बूट भारतात बनतात. तेव्हा अमेरिकेहून भाच्याने आणलेल्या बुटात मेड इन इंडिया दिसलं तर तोंड पाडू नका, आमच्या टेबलावर आंबूरच्या पट्ट्यातले असे बूट आलेत की शिलाई बघत राहावं.

लेबलमध्ये अजून एक खाचखळगा असतो, बूट एकाच देशात बनतो असं नसतंच. अप्पर एकीकडे शिवतात, सोल दुसरीकडे लागतो, आणि शेवटचं मोठं काम जिथे झालं तो देश लेबलवर येऊ शकतो. न्यू बॅलन्स तर स्वतः सांगते की त्यांच्या अमेरिकेत बनलेल्या बुटात देशी वाटा 70 टक्के किंवा जास्त असतो, म्हणजे बाकीचा बाहेरचा असू शकतो, आणि ते उघड सांगतात हे आम्हाला आवडतं.

दुकानात बूट हातात घेतल्यावर काय बघायचं

सगळ्यात आधी सोल कसा लावलाय ते. गुडइअर वेल्ट म्हणून जी पद्धत आहे तिच्यात अप्पर, आतला तळवा आणि वेल्टची पट्टी एका शिलाईने जोडतात आणि मग बाहेरचा सोल वेल्टला दुसऱ्या शिलाईने. सोल झिजला की बाहेरची शिलाई उसवून नवा सोल लावता येतो, अप्परला हात लावावा लागत नाही, असा बूट नीट सांभाळला तर दोनतीन सोल सहज बघतो. याला वेळ लागतो, माणसं लागतात, म्हणून पैसे वाचवायचे म्हटलं की पहिली गदा यावरच येते आणि मग अप्पर नुसतं सोल्युशनने सोलला चिकटवतात. चिकटवलेला बूट वाईटच असं नाही, स्पोर्ट्सचे जवळजवळ सगळे तसेच असतात, पण महाग फॉर्मल बुटाला कडेने शिलाईची नुसती नक्षी छापलेली किंवा कोरलेली असते आणि आत सगळं चिकटवलेलं असतं ते आम्हाला मनापासून खटकतं. ओळखायला सोपं आहे, बूट उलटा करा, तळाला शिलाई किंवा तिची खाच दिसते का बघा, आणि कडेच्या धाग्यावर नख फिरवा, खरा धागा नखाला अडकतो.

मग चामडं. आत शिक्का मारलेला असतो जेन्युइन लेदर, त्याचा अर्थ एवढाच की चामडं वापरलंय, कुठल्या प्रतीचं ते कळत नाही. हलक्या चामड्याचा वरचा डाग-व्रण असलेला थर घासून काढतात आणि त्यावर प्लास्टिकसारखा रंगाचा लेप देतात, नवा असताना आरशासारखा चमकतो आणि बोटांपाशी जिथे घडी पडते तिथे वर्षभरात तडे जातात. त्या तड्यांना पॉलिशने काही होत नाही, आम्ही रंग लावून झाकू शकतो पण घडी परत पडणारच. अंगठ्याने दाबून बघा, चांगल्या चामड्यावर बारीक सुरकुत्या उठतात आणि सोडलं की जातात, लेपाचं चामडं नुसतं आत दबतं. मागची टाचही दाबा. तिथे आत पुठ्ठा असेल तर एक पावसाळा पुरतो, भिजून मऊ पडतो आणि बूट मागून बसतो.

पीयू सोल, हे मात्र नीट वाचा

आमच्याकडे सगळ्यात जास्त रडवेले चेहरे यामुळे येतात. लग्नात घेतलेला महाग बूट, चारपाच वेळाच घातलेला, कपाटात बॉक्समध्ये जपून ठेवलेला, बाहेर काढून घातला आणि हॉलमध्येच सोलचा चुरा पडायला लागला. हा पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल. वजनाला हलका, पायाला मऊ, साच्यात पटकन ओतता येतो, म्हणून ट्रेकिंगच्या बुटांपासून ऑफिसच्या बुटांपर्यंत सगळीकडे आलाय. पण त्याचे बरेच प्रकार हवेतल्या दमटपणाने आतून हळूहळू तुटत जातात, वापरा किंवा वापरू नका, आणि उष्णता व दमट हवा दोन्ही असली की वेग वाढतो. मुंबई, कोकण, गोवा म्हणजे याला अगदी पोषक हवा. थंड कोरड्या देशात आठदहा वर्षं टिकणारा सोल इथे त्याच्या खूप आधी जाऊ शकतो, मग ब्रँड कुठलाही असो आणि बनला कुठेही असो.

चुरा व्हायला लागलेला पीयू चिकटवता येत नाही आणि शिवताही येत नाही, सुई जिथे जाते तिथून तो फाटतो. हे आम्ही स्पष्ट सांगतो आणि असं काम घेत नाही, कारण पैसे घेऊन महिन्याभरात बूट परत यावा हे आम्हाला पटत नाही. अप्पर चांगलं असेल तर जुना सोल पूर्ण काढून रबराचा नवा बसवून देतो, दिसायला थोडा फरक पडतो, वजनही थोडं वाढतं, पण बूट वाचतो. घरी ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, ओल आतच राहते, कापडी पिशवीत किंवा उघड्या रॅकवर ठेवा आणि अधूनमधून घाला.

बूट आणायच्या आधी व्हॉट्सअॅपवर चार फोटो पाठवा, तळाचा, कडेचा, बोटांपाशी जिथे घडी पडते तिथला आणि आतल्या लेबलचा, आणि बूट साधारण कोणत्या साली घेतला ते लिहा. सोल बदलता येईल का, सध्या नुसती टाच आणि पुढची पट्टी लावून भागेल का, की खर्च करण्यातच अर्थ नाही, हे आम्ही फोटो बघून सांगतो, त्याचे पैसे घेत नाही. सोल बदलायचं काम पावसाळ्याच्या तोंडावर फार साचतं, त्यामुळे शक्यतो एप्रिलमध्येच द्या, आणि आणताना बूट ओला नको, ओल्या चामड्यावर सोल्युशन धरत नाही.