पावसात चेंबरचे झाकण का उघडू नये

जून लागला की सोसायट्यांचे फोन सुरू होतात आणि तक्रार बहुतेक एकच असते: तळमजल्याच्या संडासातून पाणी उलटे येत आहे. आम्ही गटारे साफ करणारे पोहोचतो तेव्हा आवारातल्या मैलापाण्याच्या चेंबरचे झाकण बाजूला सरकवलेले दिसते, कारण साचलेले पाणी लवकर ओसरावे म्हणून कोणीतरी ते आत सोडलेले असते.

मुंबईत पावसाच्या पाण्याची आणि मैलापाण्याची वाट वेगवेगळी आहे. पावसाचे पाणी पर्जन्यजलवाहिन्यांतून नाले, खाडी आणि समुद्राकडे जाते. मैलापाणी मात्र मलवाहिन्यांतून उताराने पंपिंग स्टेशनकडे आणि पुढे कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर या सात विभागांच्या केंद्रांकडे जाते. वरळी आणि वांद्रे येथून तर ते समुद्राखालून सुमारे 3 किलोमीटर आत सोडले जाते. आपल्या इमारतीची मलवाहिनी ही त्या वाटेची पहिली आणि सर्वांत अरुंद नळी असून ती फक्त स्वयंपाकघर, मोरी आणि संडासाच्या पाण्याच्या हिशोबाने घातलेली असते. आवारातले पाणी तिच्यात शिरले की त्याबरोबर रेतीही येते, पाणी ओसरल्यावर ती तळाशी बसते आणि पुढच्याच सरीला मैला मागे फिरतो. गेल्या पावसाळ्यात एका इमारतीच्या शेवटच्या चेंबरमधून आम्ही खडी, बदामाची पाने आणि दुधाच्या पिशव्या मिळून नऊ घमेली गाळ काढला. त्यात मैला जेमतेम होता.

बांबूच्या पट्टीने वाट करून देणारा आमच्यापेक्षा कमी पैशांत येतो, हे आम्ही जाणतो. पण पट्टीने गाळात फक्त भोक पडते. आम्ही शेवटच्या चेंबरपासून जेटिंग करत, म्हणजे जोराच्या दाबाने पाणी मारून नळी धूत, मागे जातो आणि बाहेर येणारा गाळ तिथेच उपसतो, म्हणून वेळ जास्त लागतो. चेंबरमध्ये माणूस आम्ही कधीही उतरवत नाही, त्यासाठी कोणी कितीही घाई केली तरी.

भरतीच्या वेळी जोराचा पाऊस असेल तर पर्जन्यजलवाहिन्यांचे पाणी समुद्र घेत नाही आणि आवारात ते साचतेच. अशा वेळी पावसाच्या गटाराच्या जाळीवरचा कचरा काढावा आणि ओहोटीची वाट पाहावी. मे महिन्यात सफाई करून घेणाऱ्या सोसायट्यांना आम्ही चेंबरांचा नकाशाही काढून देतो, त्यात पावसाची झाकणे निळ्या रंगाने आणि मैल्याची लाल रंगाने दाखवलेली असतात. त्याची एक प्रत वॉचमनच्या केबिनमध्ये लावून ठेवावी.